बेसिनखालच्या खणातून

या मित्रांनो, बसा. जरा सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू येऊ दे. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. माझीच आहे, कुणाची उसनी आणलेली नाही. पण एक आधीच सांगून टाकतो, शेवट गोड नाही. ज्याला गोड शेवट हवा असेल त्याने आत्ताच उठावं, मी रागावणार नाही. नाही उठलात? बरं. मग मधेच कुरकुर करायची नाही.

मी टॅरोच्या पत्त्यांचा एक जुना कॅट आहे. रमी खेळतात तो नव्हे. आमच्यात चित्रं असतात. अठ्ठ्याहत्तर भावंडं आम्ही. राजे आहेत, राण्या आहेत, आणि एकेक नमुने तर असे आहेत की विचारू नका. एक वेडा आहे, कड्याच्या टोकावर उभा राहून आभाळाकडे बघतो, पायाखाली बघेल तर शपथ. एक म्हातारा कंदील धरून उभा आहे, काय हरवलंय ते त्यालाच माहीत. एक जण एका पायाला दोरी बांधून उलटा लटकलाय आणि तोंड मात्र असं की सुट्टीच्या दिवशीची झोप काढतोय. एक सांगाडा आहे घोड्यावर बसलेला. एक कोसळता बुरूज आहे. एका हृदयात तीन तलवारी घुसल्यात. आणि एक सूर्य आहे, खाली सूर्यफुलं, घोड्यावर उघडंनागडं हसरं पोर.

लोक म्हणतात, याला भविष्य कळतं. कसलं डोंबलाचं भविष्य! मी पुठ्ठा आहे मित्रांनो. शाई लावलेला पुठ्ठा. संध्याकाळी वीज जाणार की राहणार एवढंसुद्धा मला सांगता येत नाही, तर माणसाचं नशीब मी काय सांगणार?

माझा जन्म छापखान्यातला. एका मोठ्या कागदावर आम्ही सगळे एकत्र छापले गेलो, खांद्याला खांदा लावून. वाटलं, असंच राहू. तेवढ्यात खाडकन् पातं पडलं आणि आम्ही सुटे झालो. मग दुसऱ्या मशीनने आमचे कोपरे गोल केले, कुणाच्या बोटाला टोचू नयेत म्हणून. वरून चकचकीत मुलामा दिला, डबीत भरलं, सोबत एक चिमुकली पुस्तिका टाकली. तिच्यातलं अक्षर इतकं बारीक की मुंगीलाही चष्मा लागावा. त्यानंतर एका स्टेशनरीच्या दुकानात, कंपासपेट्या आणि शुभेच्छापत्रांच्या मधे, मी काचेमागे पडून राहिलो. उन्हाने डबीची एक बाजू पांढरी पडली. दुकानदार मला पुसायचा आणि पुटपुटायचा, "ह्याला कोण घेणार?"

घेतलं ताईने.

ताई म्हणजे केसवाली. तिचं छोटं पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, केस धुवायचं एक बेसिन, आणि ड्रायर असा की सुरू केला की शेजारचा शिंपी भिंतीवर थापा मारायचा. ताई अंगाने भरलेली, आवाजाने मोठी आणि मनाने लोण्याची. वहीपुस्तकाशी तिचं कधी जमलं नव्हतं. ती पुस्तिका तिने एकदा उघडली, डोळे बारीक केले, आणि डळमळणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारून दिली. म्हणाली, "हं, आता कामाला आली."

मग माझा उपयोग कसा करायची? ऐका. केसांना रंग लावला की तो मुरेपर्यंत बाईला नुसतं बसून राहावं लागतं. डोक्याला प्लॅस्टिकची टोपी, गळ्याभोवती कापड, हात मोकळे. अशी बाई एक तर जुनी मासिकं चाळते, नाही तर सुस्कारे टाकते. ताई मला पिसायची, पंख्यासारखा पसरायची आणि म्हणायची, "ओढा एक." पत्ता निघाला की स्वतः अक्षरही बोलायची नाही. फक्त विचारायची, "काय दिसतं?" आणि कंगवे धुवायला लागायची, पाठ करून. पाठ केली की माणूस बोलतो, हे तिला ठाऊक होतं.

एकदा मास्तरीणबाई आल्या. शाळेत शिकवायच्या, घरी सासऱ्यांचं बघायच्या, वर नणंदेची दोन मुलं. त्यांना तो उलटा लटकलेला माणूस निघाला.

"काय दिसतं बाई?" ताईने विचारलं.

"मीच दिसतेय गं. फक्त ह्या मेल्याला निवांत लटकू तरी देतात. मला लटकवून वर पोळ्या लाटायला सांगतात."

ताई हसली, शेजारच्या खुर्चीतली बाई हसली, मास्तरीणबाई हसल्या. आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी. मग डोळे पुसून म्हणाल्या, "नणंदेला सांगते आज. तुझी पोरं तू सांभाळ म्हणून." आणि सांगितलंही. पुढच्या वेळी आल्या त्या मान ताठ करूनच.

यात माझी काय करामत? शून्य. मी फक्त चित्र धरून उभा होतो. बोलल्या त्या. आरसा काय करतो? नाकाला लागलेलं पीठ दाखवतो. पुसायचं तुमचं तुम्ही. माझी लायकी तेवढीच, आणि तेवढ्यात मी सुखी होतो. बायका माझं कौतुक करायच्या. "ताई, केसांचं राहू दे, आधी पत्ता दे," म्हणायच्या. माझे कोपरे मळले, मुलामा उडाला, पण ते मळणं कामाचं होतं. त्याचं दुःख नसतं.

मग एक दिवस एक नवीन बाई आली. तिचा नवरा आजारी होता, हे ताईला माहीत नव्हतं. तिने पत्ता ओढला तो घोड्यावरचा सांगाडा. बाईने एक किंकाळी फोडली आणि जी उठली ती डोक्याला रंग, गळ्याला कापड, तशीच रस्त्याने पळत सुटली. मागे काळे ठिपके. ताई चपला न घालता मागे धावली, पण बाई काही सापडली नाही.

ताईला ते फार लागलं. दुकान बंद करून ती मला घेऊन बसली आणि एकेक पत्ता उलटत गेली. सांगाडा बाजूला. बुरूज बाजूला. तीन तलवारींचं हृदय बाजूला. शिंगवाला सैतान, आणि पाठीत तलवारी खुपसलेला एक पालथा माणूस, तोही बाजूला. त्यांना रबरबँड लावला आणि केस कुरळे करायच्या रोलरच्या डब्यात टाकलं.

ताईचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच, हडकुळा, बोटांना कायम ग्रीस. चहा घेत दारातून बघत होता. म्हणाला, "हे काय चाललंय?"

"वाईट पत्ते काढतेय. माणूस चार घटका बरं वाटायला येतो. मानेशी कात्री आणि समोर सांगाडा, कशाला उगाच?"

"अगं, लिफ्टमधलं तळघराचं बटण काढून टाकलं म्हणून तळघर बुजत नाही."

"तुम्हाला सगळीकडे लिफ्टच दिसते."

"तुला सगळीकडे केस दिसतात. माझं बरं." आणि तो गेला कप विसळायला.

तिच्या मनात वाईट नव्हतं मित्रांनो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तुम्ही तिच्यावर चिडाल. तिने ते मायेपोटी केलं. मी हलका झालो, हातात घेणाऱ्याला कळलंसुद्धा नाही. उलट माझं कौतुक वाढलं. आता कुणीही ओढा, चांगलंच निघायचं. खणात माझ्या शेजारी दुसरा एक कॅट होता, ऑरेकलचा. त्याच्यावर चित्रं कमी आणि गोड वाक्यं जास्त. 'सगळं ठीक होईल', 'तू सुंदर आहेस', असलं. मी त्याला गोडबोल्या म्हणायचो. आता मीही तसाच झालो होतो. वरून दिसत नव्हतं एवढंच. हळूहळू ताईसुद्धा विसरली की तिने माझ्यातून काय काढलंय. आपल्या हाताने केलेली गोष्ट माणूस सगळ्यात आधी विसरतो.

आता बारकीचं सांगतो.

बारकी ताईची धाकटी बहीण. बेकरीत भट्टीजवळ कामाला होती. पहाटे ट्रे ओढायचे, दिवसभर डोक्याला घट्ट टोपी. अंगाला कायम भाजलेल्या पिठाचा वास. तोंडाने फटाकडी. आई दोघींच्या लहानपणी गेली होती. दवाखान्यात नेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून बारकी दवाखान्याच्या रस्त्यानेही जायची नाही. दात दुखला तर लवंग, ताप आला तर पांघरूण. सुट्टीच्या दिवशी मात्र ताईकडे यायची, बेसिनमधे मान टाकायची आणि म्हणायची, "धू गं ताई. सगळं पीठ काढ. ह्या केसांतून एक पाव निघेल."

त्या दिवशीही तशीच आली. ताई केस धूत होती, दोघींची थट्टा चालली होती. आणि ताईची बोटं थांबली.

मी तिथेच होतो, बेसिनच्या कडेला. मी ती बोटं बघितली. उजव्या कानाच्या मागे, केसांच्या आत. बोटं तिथे गेली, मागे आली, पुन्हा गेली.

"बारके, हे काय आहे गं?"

"काय?"

"कानामागे. मस आहे का? केवढा झालाय. आणि काळा कुळकुळीत."

"टोपी घासते तिथे. जुनाच आहे."

"जुना नाही. मी काय आज धुतेय का तुझं डोकं?"

नळाचं पाणी तेवढं वाहत होतं. वर्षानुवर्षं शेकडो डोकी धुतलेली बोटं ती. त्यांना कळलं होतं मित्रांनो. एखादी गोष्ट हाताला लागली की ती आहे, यात विचारायचं काय उरतं?

"दाखवून येऊ या," ताई म्हणाली.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? दवाखान्यात."

बारकी ताडकन् उठून बसली. केसांचं पाणी सगळं अंगावर. "नाही हं. ते नाव नको. मस आहे म्हणालीस ना? मस कुणाला होत नाही?" आणि तिची नजर माझ्याकडे गेली. "पत्ता काढू. तू सगळ्यांना काढायला देतेस, मला कधी दिलास? चांगला आला तर विषय संपला. वाईट आला तर येते तुझ्यासोबत. शप्पथ."

ताईने नाही म्हणायला हवं होतं. पण तीही घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाला 'नाही' ऐकायचं नसतं आणि 'नाही' म्हणायचंही नसतं. तिने हात पुसले, मला घेतलं, पिसलं. हात ओलेच होते, मला आठवतं. बारकीने डोळे मिटले, काही तरी पुटपुटली आणि ओढला.

सूर्य.

पिवळाधमक. सूर्यफुलं, हसरं पोर. बारकी अशी ओरडली की शिंप्याने भिंतीवर थाप मारली. "बघ! बघ ताई! उगाच घाबरवतेस मेली!" ताईही हसली. तिने बहिणीला ओल्या केसांसकट मिठी मारली. त्या दिवशी ताईने 'काय दिसतं' असं विचारलंच नाही. दोघींना जे बघायचं होतं ते दिसलं होतं.

मला ओरडावंसं वाटलं. अगं बायांनो, वाईट पत्ता येणार कुठून? तो रोलरच्या डब्यात आहे! पण पुठ्ठ्याला कंठ नसतो.

पुढे तेच होत गेलं. बारकी आली की डोकं धुणं, बोटं थांबणं, पत्ता ओढणं. कधी भरलेले पेले निघाले, कधी बागेतली राणी. मस वाढत होता आणि पत्ते गोड येत होते. एकदा ताईच्या नवऱ्याने कानामागचं ते बघितलं आणि त्याच्या हातातला घास तसाच राहिला.

"मेहुणीबाई, हे कधीपासून?"

"दाजी, तुम्ही लिफ्ट बघा. पत्ता चांगला आलाय."

"पत्ता?" तो बायकोकडे वळला. "अगं, लिफ्ट अडकली तर मी दार उघडून आत हात घालतो. बाहेर बसून चित्रं ओढत नाही. उद्या घेऊन जा हिला. तुला जमत नसेल तर मी रजा टाकतो."

"ती येत नाही तर मी काय तिला बांधून नेऊ?" ताई खेकसली.

"हो. बांधून ने."

त्यावरून दोघांचं खूप वाजलं. तो चिडून दोन दिवस बोलला नाही, मग बोलला, मग कामाच्या रगाड्यात तोही गप्प झाला. घरातला शहाणा माणूस एकदा बरोबर बोलतो आणि मग थकतो. हेही होतं.

एक दिवस बेकरीत बारकीने टोपी काढली तर टोपीला आतून रक्त. नंतर मानेत एक गाठ आली, बोराएवढी. आता तिला पत्ता नको होता. ती ताईकडे आली आणि नुसती उभी राहिली. ताईने दुकानाचं शटर ओढलं.

दवाखान्यात जाताना ताईने मला पर्समधे घेतलं होतं, का ते विचारू नका. म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी कान दुमडून बघितलं, मान चाचपली, तपासण्या झाल्या, पुन्हा बोलावलं. आवाज मऊ होता त्यांचा. मऊ आवाज वाईट असतो. म्हणाल्या, हा साधा मस नव्हता, कातडीचा कॅन्सर आहे, आणि आता तो आत पसरलाय. सुरुवातीला आला असतात तर छोटंसं कापून काम झालं असतं.

मग त्यांनी सहजच विचारलं, "केसांच्या आत असलं की स्वतःला दिसत नाही. पण तुमचे केस कोण कापतं? त्यांच्या लक्षात आलं नाही?"

ताई शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने पर्स छातीशी इतकी घट्ट धरली की माझे पत्ते वाकले.

बारकी म्हणाली, "मी कुठेही कापून घेते. रस्त्यात दिसेल तिथे. ठरलेलं कुणी नाही."

आणि बहिणीकडे बघितलंसुद्धा नाही.

मित्रांनो, मी पुष्कळ बायकांचं रडणं ऐकलंय. पण त्या खोलीत कुणी रडलं नाही, आणि तेच मला अजून आठवतं.

घरी आल्यावर ताईने रोलरचा डबा उघडला आणि रबरबँड तोडून ते पत्ते माझ्यात परत घातले. भावंडं परत आली, पण कुणाला काय त्याचं? आणि खरं सांगू? ते पहिल्यापासून असते तरी काय झालं असतं, मला माहीत नाही. तेव्हाही सूर्यच निघाला असता कदाचित. किंवा सांगाडा निघाला असता आणि बारकी घाबरून आणखी लांब पळाली असती. चूक पत्ते काढण्यात होती की मला विचारण्यात होती, यावर मी खणात पडल्या पडल्या फार डोकं लावलंय. विचारण्यातच होती. मनात काय चाललंय ते मला विचारा, मी दाखवीन. अंगात काय चाललंय ते मला विचारलंत तर मी फक्त चित्र दाखवीन, आणि तुम्ही त्या चित्राखाली मराल.

उपचार झाले. केस गेले. बारकी म्हणाली, "ताई, तुझं काम वाचलं बघ." थट्टा शेवटपर्यंत सोडली नाही तिने. एकदाच म्हणाली, "आपण पत्ता काढला नसता तर..." आणि वाक्य अर्धंच सोडून खिडकीकडे वळली. पुढच्या आठवड्यात ती गेली. दवाखान्यातच, ज्याला ती जन्मभर घाबरली तिथेच.

ताईचं पार्लर अजून आहे. पण ती आता कुणाचं डोकं धूत नाही. बेसिनवर फळी टाकलीय, तिच्यावर टॉवेलांची चळत. केस कापते, तेही टोकाटोकाने, डोक्याला हात न लावता. गिऱ्हाईक कमी झालं. मास्तरीणबाई येतात अजून. एकदा म्हणाल्या, "अगं, तुझा दोष नव्हता गं." ताई म्हणाली, "बाई, मान सरळ ठेवा." बस्स. नवऱ्याने एकदाही 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. बरं झालं की वाईट, देव जाणे. म्हटलं असतं तर दोघं भांडली तरी असती. आता ते घर एकदम शांत आहे.

गोडबोल्याला तिने कुणाला तरी देऊन टाकलं. मला टाकत नाही. बेसिनखालच्या खणात ठेवलंय. ओल येते इथे. पत्ते एकमेकांना चिकटलेत, मधूनच बुरशीचे ठिपके पडलेत. कधी कधी दुकान आवरल्यावर ती खण उघडते, वरचा पत्ता सोलून काढते आणि हळूच विचारते, "बारके, रागावलीस का गं?" मी काय सांगू? मला तेव्हा माहीत नव्हतं, आताही माहीत नाही. ती पत्ता न बघताच परत ठेवते. तिला वाटतं, मी मुद्दाम गप्प आहे.

झाली माझी गोष्ट. आता माझं एक मागणं आहे तुमच्याकडे. मला खुशाल हातात घ्या, चित्रं बघा, हसा, मनात साचलेलं बोलून टाका. पण तुमच्या घरात कुणी भीतीने पांढरंफटक होऊन माझ्यासमोर बसलेलं दिसलं, आई असो, आत्या असो, दादा असो, तर त्याच्या हातातून मला हिसकावून घ्या. रडू दे, चिडू दे, तुम्हाला दोन लगावू दे. हात सोडू नका. दवाखान्याच्या दारापर्यंत न्या. आणि तिथून परत फिरू नका मित्रांनो, त्याच्यासोबत आत जा.